बाबांच्या ठेवी, आईची दोन नावं आणि वारसांत न धरलेली आजी

इंदूरच्या सुदामा नगरमध्ये राहणाऱ्या एका गृहस्थांनी विचारलं आहे. प्रश्न लांब आहे, थोडक्यात मांडते. वडील निवृत्त सरकारी शिक्षक, जानेवारीच्या अखेरीस गेले. एका सरकारी बँकेत त्यांचं पेन्शनचं बचत खातं आणि ६ लाख ४० हजारांची एफडी आहे. दोन्हीवर नॉमिनी आई. पण बाबांनी नॉमिनीच्या रकान्यात ‘सुनंदा’ लिहिलं, ते आईंचं सासरचं नाव. आधार कार्डावर मात्र ‘प्रमिला’ आहे, कारण आधार माहेरच्या शाळेच्या दाखल्यावरून निघालं. दुसऱ्या एका सहकारी बँकेत पावणेतीन लाखांची ठेव आहे, तिथे नॉमिनीच नाही. त्यात मृत्यूच्या दाखल्यावर बाबांचं ‘वसंत’ जाऊन ‘बसंत’ झालंय. दोन्ही बँकांनी एकच वाक्य ऐकवलं, ‘कोर्टातून उत्तराधिकार प्रमाण पत्र आणा’, म्हणजे येणी कोणत्या वारसाने घ्यायची ते सांगणारा कोर्टाचा कागद. मधल्या काळात धाकट्या भावाने बाबांच्या कार्डावर तीन वेळा मिळून ४५ हजार काढले, त्यावरून देवासला दिलेली बहीण दुखावली आहे. ते शेवटी म्हणतात, ‘आई आणि आम्ही तीन भावंडं, चारच वारस. सही द्यायला सगळे तयार आहेत. मग कोर्ट कशाला?’

मी इंदूरमध्ये ३१ वर्षं बँकेत काम केलं. शेवटची ९ वर्षं मयत खातेदारांचे क्लेम माझ्याच टेबलावर यायचे. मी वकील नाही, त्यामुळे कोर्टात कुठला मुद्दा टिकेल ते मी सांगणार नाही. पण काउंटरच्या आतल्या माणसाला तुमच्या कागदांत काय दिसतं आणि तो कुठे अडतो, हे मला नीट ठाऊक आहे. आणि तुमचं प्रकरण वाचून मला वाटतं, बहुधा कोर्टाची पायरी चढावी लागणार नाही. ‘बहुधा’ म्हणते, कारण काही गोष्टी तुम्ही लिहिलेल्या नाहीत. बाबांनी मृत्युपत्र केलं होतं का? सहकारी बँकेतली ठेव त्यांच्या एकट्याच्या नावावर होती की कोणाबरोबर? भावंडांची तयारी आज आहे तशीच महिनाभराने राहील का? मृत्युपत्र निघालं किंवा एकानेही सही नाकारली, तर पुढचं सगळं बदलतं.

आधी एक गाठ सोडवू. तुमच्या पत्रात दोन निराळे प्रश्न एकमेकांत गुंतले आहेत. बँक पैसे कोणाच्या हातात देणार, हा एक. ते पैसे कोणाचे, हा दुसरा. पहिला प्रश्न बँकेचा, दुसरा वारसा कायद्याचा आणि तुमच्या घराचा. माझ्या टेबलावर जी प्रकरणं वर्ष-वर्ष रखडली, त्यांतल्या बहुतेकांत घरच्यांनी दुसऱ्याचं भांडण पहिल्याच्या खिडकीवर आणलं होतं, नाहीतर बँकेच्या माणसाने दुसऱ्याची धास्ती घेऊन पहिलं काम अडवून ठेवलं होतं.

नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. बँकिंग रेग्युलेशन अ‍ॅक्ट, १९४९ मध्ये नॉमिनेशनची तरतूद आहे, तिचा अर्थ एवढाच की खातेदार गेल्यावर बँकेने नॉमिनीला पैसे दिले की बँक तिच्या जबाबदारीतून सुटली. नॉमिनी ते पैसे सगळ्या वारसांच्या वतीने, विश्वस्त म्हणून घेतो. सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये बँकेच्याच एका प्रकरणात हे स्पष्ट केलं आहे. म्हणजे आईंच्या खात्यात ६ लाख ४० हजार आले, म्हणून ते सगळे कायद्याने त्यांचे झाले असं नाही. आणि उलट बाजूनेही लक्षात घ्या. बहीण रागावून बँकेला पत्र देईल, ‘पैसे आईला देऊ नका’ म्हणून, तर त्या पत्राने बँक बांधली जात नाही. कोर्टाचा मनाईचा आदेश आला तरच बँकेला थांबावं लागतं. वाटणीबद्दल बोलायचं ते घरात बसून बोला, बँकेच्या खिडकीवर नको.

आता पहिली बँक. तिथे नॉमिनी आहे. रिझर्व्ह बँकेने जून २००५ मध्येच बँकांना कळवलं आहे की नॉमिनी असेल तर रक्कम कितीही असो, उत्तराधिकार प्रमाणपत्र, प्रोबेट (मृत्युपत्रावरची कोर्टाची मोहोर) किंवा नुकसानभरपाईचा बाँड (उद्या दुसरा दावेदार आला तर भरून देऊ, अशी लेखी हमी) मागायचा नाही. बँकेने तीन गोष्टी पाहायच्या. खातेदार खरंच गेला आहे का, समोर आलेली व्यक्ती तीच नॉमिनी आहे का आणि कोर्टाची मनाई आहे का. बस.

मग त्या साहेबांनी कोर्टाचा कागद का मागितला? मधल्या गोष्टीमुळे. समोर बसलेल्या बाई सुनंदा आहेत हे त्यांना ठरवता येत नाही. अशा वेळी नवखा अधिकारी काय करतो, तर त्याला ठाऊक असलेला सगळ्यात मोठा कागद मागतो, म्हणजे उद्या ऑडिटला कोणी बोट दाखवायला नको. मी त्याला दुष्ट म्हणणार नाही. पण मागणी चुकीची आहे, आणि कामाचीही नाही. कोर्टात अर्ज करताना आईंना नाव लिहावंच लागेल, सुनंदा की प्रमिला? प्रश्न ओळखीचा आहे, वारसाचा नाही. ओळखीच्या प्रश्नाला ओळखीचे कागद द्यायचे.

हा प्रकार आपल्या मराठी घरांत किती आढळतो, हे इंदूरच्या बँकेत बसल्याशिवाय कळत नाही. हिंदी भाषक सहकाऱ्यांना मला दर वेळी समजावून सांगावं लागायचं की आमच्याकडे लग्नात मुलीचं आडनाव बदलतं, तसं पहिलं नावही बदलायचे. एक आजी मला अजून डोळ्यांसमोर दिसतात. रामबागेतून आल्या होत्या, हातात कापडी पिशवी, पिशवीत वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या एफडीच्या पावत्या. नॉमिनीचं नाव एक, मतदार कार्डावर दुसरं. समोरच्या तरुण अधिकाऱ्याने विचारलं, ‘माताजी, नाम बदलने का कोई प्रूफ है?’ त्या म्हणाल्या, ‘ताटात तांदूळ पसरले होते बाळा, ह्यांनी अंगठीने त्यात नाव लिहिलं. भटजींनी वाचून दाखवलं. तेवढंच.’ आणि त्यांनी टेबलाच्या काचेवर बोटाने ते नाव लिहून दाखवलं. त्या तांदुळांची खीर झाली असेल त्या दिवशीच. चाळीस-पन्नास वर्षं जे नाव साऱ्या आळीला ठाऊक होतं, त्याचा सरकारी कागद एकही नव्हता.

त्यांचं काम झालं, आणि ज्या कागदाने झालं तोच तुमच्याकडेही असणार, म्हणून हे सांगते. त्यांचे पती सरकारी नोकरीत होते. पेन्शनच्या कागदांत पत्नीचं सासरचं नाव होतं आणि दोघांचा एकत्र फोटो होता. तुमचे बाबा सरकारी शिक्षक. त्यांचा पीपीओ, म्हणजे पेन्शनचा आदेश, कपाटातून काढा आणि त्यात आईंचं नाव काय आहे ते बघा. तिथे ‘सुनंदा’ आणि सोबत फोटो असेल, तर तुमची अर्धी लढाई तिथेच संपली. कारण तो कागद सरकारने काढलेला आहे आणि पैशांच्या वादाच्या कितीतरी आधीचा आहे. पैसे मागायच्या वेळी तयार केलेल्या कागदापेक्षा जुन्या कागदाला वजन जास्त, हे प्रत्येक बँकवाला मनात धरून असतो.

पीपीओला जोड द्या. समग्र आयडीत, म्हणजे मध्य प्रदेश सरकारच्या कुटुंब ओळख क्रमांकात, कुटुंबाची नोंद कोणत्या नावाने आहे ते पाहा. जुनं रेशन कार्ड, मतदार कार्ड, आईंचं स्वतःचं एखादं पासबुक, बाबांच्या नोकरीतला कुटुंबाच्या तपशिलाचा फॉर्म, तुमच्या भावंडांपैकी कोणाच्या जन्मदाखल्यावर किंवा मार्कशीटवर असलेलं आईचं नाव, हे सगळं एकत्र करा. एका बाजूला ‘सुनंदा’ म्हणणारे दोन कागद, दुसऱ्या बाजूला ‘प्रमिला’ म्हणणारे दोन, आणि दोन्ही बाजूंना पतीचं नाव आणि पत्ता तोच, एवढं जमलं की पुरे. मग त्यावर आईंचं शपथपत्र, नोटरीसमोर केलेलं. इकडचे टायपिस्ट ते हिंदीतच करून देतात, ‘उक्त दोनों नाम एक ही महिला के हैं’ अशा धर्तीचं. ठरावीक मसुद्यात नुसतीच दोन नावं लिहिलेली असतात. तुम्ही त्यात कोणतं नाव कोणत्या कागदावर आहे हे कागदाच्या क्रमांकासह लिहून घ्या आणि लग्नानंतर नाव बदललं हे कारण स्पष्ट घाला. लग्नाचं नोंदणी प्रमाणपत्र असेल तर उत्तमच. लग्नानंतर बदललेल्या नावासाठी ते प्रमाणपत्र किंवा राजपत्रातली जाहिरात केवायसीच्या, म्हणजे ग्राहकाची ओळख पटवण्याच्या, नियमांत मान्य आहे. पण त्या पिढीत लग्नाची नोंदणी करून घेतलेली जोडपी मला क्वचितच भेटली.

एक सल्ला मात्र नक्की ऐका. कोणी म्हणेल, ‘आधारवरचं नावच बदलून टाका, झंझट नको.’ आत्ता ते करू नका. आधारवर नाव बदलायची संधी मोजून दोनदाच मिळते, आणि आईंची बाकीची कागदपत्रं ज्या नावाला बांधलेली आहेत ते आत्ता हललं तर फॅमिली पेन्शनपासून सगळीकडे नवी विसंगती उभी राहील. दोन नावं एकाच बाईची आहेत हे सिद्ध करणं सोपं आहे. एक नाव पुसून टाकणं अवघड.

मृत्यूच्या दाखल्यातलं ‘बसंत’ हे याच्याही आधी करायचं काम. हिंदीत वसंताचा बसंत सहज होतो, इस्पितळातला फॉर्म भरणाऱ्याच्या कानाला ते एकच. पण तिथून ते निगमात जातं, तिथून दाखल्यावर, आणि इंग्रजीत ‘व्ही’ऐवजी ‘बी’ पडला की बँकेच्या संगणकाला हा माणूसच दुसरा. जन्म-मृत्यू नोंदणी कायदा, १९६९ च्या कलम १५ खाली रजिस्ट्रारला अशी चूक दुरुस्त करता येते. नगर निगमात बाबांचं आधार, पीपीओ आणि पासबुक घेऊन अर्ज द्या. काही लोक म्हणतात, एवढ्याशा फरकाला शपथपत्र जोडलं की चालतं. चालतंही एखाद्या ठिकाणी. पण हा दाखला तुम्हाला दोन बँका, पेन्शन कार्यालय, घराचं नामांतरण, विजेचं कनेक्शन असा पुढची दोन वर्षं द्यावा लागणार आहे. दर ठिकाणी नवं शपथपत्र करण्यापेक्षा मूळ कागदच दुरुस्त करून घ्या.

आता सहकारी बँक, जिथे नॉमिनी नाही. इथे वारसांचा प्रश्न खरोखर येतो, कारण पैसे कोणाला दिले की आपण सुटू, हे बँकेला कोणी आधी सांगून ठेवलेलं नाही. तरीही छोट्या रकमेला कोर्ट लागू नये अशी सोय आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये रिझर्व्ह बँकेने मयत खातेदारांच्या दाव्यांसाठी नवे नियम काढले आणि ते अमलात आणायला बँकांना ३१ मार्च २०२६ ची मुदत दिली. त्यात साध्या पद्धतीने निकाली काढायच्या रकमेची मर्यादा सहकारी बँकेला ५ लाख आणि इतर व्यापारी बँकांना १५ लाख अशी ठरवली आहे. बँकेला हवी तर ती मर्यादा वाढवता येते, कमी करता येत नाही. तुमची ठेव पावणेतीन लाखांची. म्हणजे मृत्युपत्र नसेल आणि वाद नसेल तर दावा अर्ज, मृत्यूचा दाखला, वारस कोण याचा पुरावा, पैसे घेणाऱ्याचा नुकसानभरपाईचा बाँड आणि बाकीच्या वारसांची ना-हरकत, एवढ्यावर काम व्हायला हवं. वारसांच्या पुराव्यासाठी कुटुंबाला चांगलं ओळखणाऱ्या, पण ज्याला या पैशांत काही मिळणार नाही अशा माणसाचं शपथपत्रही चालतं. बाबांचे शाळेतले एखादे जुने सहकारी असतील तर त्यांना विनंती करा. आणि मुदत न संपलेली ठेव मोडली म्हणून दंड कापू देऊ नका. खातेदाराच्या मृत्यूमुळे मोडलेल्या ठेवीला तो लागत नाही.

कागद पूर्ण दिल्यापासून १५ दिवसांत बँकेने पैसे द्यायचे आहेत. बँकेच्या चुकीने उशीर झाला तर बँक रेटवर (हा दर रिझर्व्ह बँक ठरवते) आणखी ४ टक्के धरून, त्या दराने उशिराच्या दिवसांचं व्याज द्यायचं आहे. पण मोजणी ‘कागद पूर्ण’ झाल्यापासून, हे विसरू नका. म्हणूनच दिलेल्या प्रत्येक कागदाची यादी करून तिच्यावर तारखेसह पोच घ्यायची.

आता ज्या ओळीसाठी मी हे उत्तर लिहायला बसले, ती. तुमच्या पत्रात मध्येच एक वाक्य आहे, ‘आजी काकांकडे उज्जैनला असते, तिला अजून सावरता आलेलं नाही.’ आजी म्हणजे बाबांची आई, असं धरते. मग तुम्ही चार वारस नाही, पाच आहात. हिंदू वारसा कायदा, १९५६ प्रमाणे माणूस मृत्युपत्र न करता गेला तर त्याची पत्नी, मुलगे, मुली आणि आई, सगळे पहिल्या वर्गाचे वारस आणि सगळ्यांचा वाटा सारखा. वडील त्या वर्गात नाहीत, आई आहे. तुमच्या बाबांच्या स्वतःच्या कमाईच्या या ठेवींत आईंचा, तुम्हा तिघांचा आणि आजींचा प्रत्येकी पाचवा हिस्सा. देवासच्या बहिणीचा वाटा तुमच्याइतकाच, तिला ‘दिली आहे’ म्हणून कणभरही कमी नाही.

ही चूक मी इतक्या वेळा पाहिली आहे, आणि ती लबाडीने कोणी करत नाही. मुलगा गेल्यावर म्हातारी आई पैशाला वारस लागते हे मनातच येत नाही कोणाच्या. पण शपथपत्रावर ‘याशिवाय अन्य वारस नाही’ असं छापलेलं असतं, आणि आजी हयात असताना तुम्ही खाली सही केलीत तर ते खोटं शपथपत्र झालं. पुढे आजींच्या मागे तुमचे काका-आत्या त्यांचे वारस होतील, आणि त्यांतल्या एकानेही विचारलं तर उत्तर देणं कठीण जाईल. आज पाच मिनिटांचं बोलणं आहे, उद्या ते दोन घरांचं भांडण होईल.

एकदा अशाच एका प्रकरणात मी स्वतः शाईचं पॅड घेऊन लोकमान्य नगरात गेले होते. नव्वदीच्या आजी, पलंगावर बसलेल्या, सही येत होती पण हात थरथरायचा, म्हणून अंगठा घ्यायचा ठरला. नातू घाईत होता, ‘आजी, इथे लाव फक्त.’ मी त्याला थांबवलं आणि कागदात काय आहे ते त्यांना मराठीत वाचून दाखवलं. तुमच्या मुलाच्या पैशांत तुमचा वाटा आहे, तो सुनेच्या खात्यात जाऊ द्यायला तुमची हरकत नाही, असं यात लिहिलंय. त्या बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, ‘मला कुणी सांगितलंच नाही माझा आहे म्हणून. आहे ना? मग दिला मी सुनेला.’ अंगठा पुसायला सुनेनेच पदर पुढे केला. त्या घरात पुढे कधी वाद झाला नाही. सांगून मागितलं तर आजीने दिलं, आणि न सांगता घेतलं असतं तर ती चोरी झाली असती, असं मला आजही मनापासून वाटतं.

म्हणून उज्जैनला जाल तेव्हा काकांच्या समोर बोला. आजींना वाटा हवा असेल तर तो त्यांचा हक्क आहे, औषधपाण्याला त्यांनाही पैसा लागतो. द्यायचा नसेल तर बँकेचा ना-हरकतीचा कागद नीट वाचून त्यांची सही किंवा अंगठा घ्या. त्या कागदाचे शब्दही बघा. ‘रक्कम अमुक व्यक्तीला द्यायला हरकत नाही’ एवढंच बहुधा त्यात असतं. म्हणजे बँकेपुरती वाट मोकळी होते, हक्क कायमचा सोडला असं त्यातून होतंच असं नाही. कायमचा सोडायचा असेल तर तो वेगळा लेख, आणि त्यासाठी मात्र वकिलाला भेटा. अंगठ्यासाठी आजींना इंदूरला आणण्याचा अट्टहास करू नका. उज्जैनला त्या बँकेची शाखा असेल तर तिथल्या अधिकाऱ्यासमोर व्हावं अशी लेखी विनंती करा, नसेल तर नोटरीला घरी न्या.

४५ हजारांबद्दल थोडं स्पष्टच लिहिते. खातेदार गेला त्या क्षणी त्याच्या कार्डाचा अधिकार संपला. पिन घरात सगळ्यांना ठाऊक होता, पैसे बाबांच्याच दिवसांना खर्च झाले, हे सगळं खरं असेल, तरी कार्ड वापरायला नको होतं. भावाने वाईट हेतूने केलं असं मला वाटत नाही. तेराव्याच्या धावपळीत रोख लागते आणि तेव्हा हे कोणाला सुचत नाही. पण आता तीन गोष्टी करा. कार्ड बँकेत जमा करा. मृत्यूची लेखी सूचना अजून दिली नसेल तर आजच द्या. आणि पासबुक भरून घेऊन बघा, बाबा गेल्यानंतरच्या काळाची पेन्शन जमा झाली आहे का. झाली असेल तर ती तुमची नाही, सरकारला परत जाईल, आणि काढलेल्या पैशांत तीच गेली असेल तर भरावी लागेल. उरलेल्या रकमेचा हिशेब कागदावर मांडा, सामान, गुरुजी, जेवण, गाडी, जे काय झालं ते, आणि बहिणीला पाठवा. माझा अनुभव असा की बहिणींचं दुखणं रकमेचं फारसं नसतं, आपल्याला विचारलं नाही याचं असतं.

दोन्ही बँका पुन्हा तोंडी ‘कोर्टातून आणा’ म्हणाल्या तर तिथे वाद घालू नका. अर्जात लिहा की नॉमिनी असल्याने, आणि दुसऱ्या बँकेत रक्कम मर्यादेत असल्याने, उत्तराधिकार प्रमाणपत्र लागू नये. लागत असेल तर कारण लेखी कळवावं. लेखी नकार द्यायची वेळ आली की अधिकारी नियमांची फाइल उघडतो. मी स्वतः त्या खुर्चीत बसून हे पाहिलं आहे. शाखेने दाद दिली नाही तर बँकेच्या तक्रार विभागाकडे, आणि तिथे ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे. तिथे फी नाही, वकील लागत नाही. चौकशीसाठी १४४४८ हा क्रमांक आहे.

तर क्रम असा धरा. मृत्यूची लेखी सूचना आणि कार्ड परत. मग निगमातून ‘वसंत’ दुरुस्त. मग पीपीओ शोधून आईंच्या दोन नावांची फाइल आणि शपथपत्र, त्यावरच फॅमिली पेन्शनचा अर्जही पुढे जाईल. मग उज्जैन. सहकारी बँकेचा दावा त्यानंतरच भरा, कारण त्यात पाचही वारस लागतील. पहिल्या बँकेचा दावा मात्र आजींसाठी थांबवायची गरज नाही. तिथे नॉमिनी एकट्या आई आहेत.

राहिल्या दोन-तीन गोष्टी. बाबा गेल्याच्या दिवसापर्यंतच्या उत्पन्नाचं रिटर्न भरायचं असेल तर ते वारसाने भरायचं असतं, आणि कापलेल्या टीडीएसचा परतावा निघत असेल तर तो तसाच सोडू नका. त्या तारखेनंतरचं व्याज ज्यांना मिळेल त्यांच्या उत्पन्नात धरलं जातं. घराला उत्तराधिकार प्रमाणपत्र लागू होत नाही, ते येणी आणि रोख्यांसाठी असतं. घराचं नामांतरण हा निराळा विषय आहे. आणि बाबांच्या जुन्या डायऱ्या चाळताना दुसऱ्या एखाद्या बँकेचं नाव दिसलं तर रिझर्व्ह बँकेच्या ‘उद्गम’ पोर्टलवर त्यांच्या नावाने शोधा, ‘वसंत’ आणि ‘बसंत’ दोन्ही स्पेलिंग टाकून. १० वर्षं हात न लागलेल्या ठेवी रिझर्व्ह बँकेच्या निधीकडे वर्ग होतात, पण वारसांचा हक्क बुडत नाही.

जुने कागद टाकू नका हे मी कळकळीने सांगते. आपल्याच गावात हुकुमचंद मिल १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला बंद पडली आणि कामगारांच्या थकलेल्या पैशांचं वाटप डिसेंबर २०२३ मध्ये सुरू झालं. मधल्या तीस वर्षांत कितीतरी कामगार गेले आणि त्यांच्या बायका-मुलांना वारस म्हणून उभं राहावं लागलं. पिवळे पडलेले कागद कोणत्या दिवशी लागतील ते सांगता येत नाही.

पैसे आईंच्या खात्यात आले की त्याच दिवशी त्यांचं नॉमिनेशन करून घ्या. नोव्हेंबर २०२५ पासून एका खात्याला चार नॉमिनी लावता येतात, ठेवीत प्रत्येकाचा टक्काही ठरवता येतो. तुम्हा तिघांची नावं घालायची का, किती टक्के, ते आईंना ठरवू द्या. नावं मात्र आधारवर आहेत तशीच, अक्षरन् अक्षर, बहिणीचं तर सासरचं की माहेरचं ते तिला फोन करून विचारून. फॉर्मची पोच घ्या, आणि पासबुकावर ‘नॉमिनेशन नोंदवलं’ असा शिक्का किंवा छापील ओळ आली आहे ना, ते खिडकीसमोरून हलायच्या आधी पाहा.